गवत चढायच्या आत

राडेमाकर फार्म, पाईक फोर्क, इंडियाना
१८ जानेवारी १९८१

प्रिय अर्दिस,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. निवडुंगाला लाल टोपी घातलेलं. मार्लाने ते फ्रिजवर लावलंय. गाई ठीक आहेत. थंडी आहे.

आता कामाचं. माणसाला शेहेचाळिसाव्या वर्षी बावीस इंच उंच उडी मारायची असेल तर काय करावं लागतं? तू एकोणतीस वर्षं शाळेतल्या मुलींना पळायला आणि उड्या मारायला शिकवलंस, म्हणून तुला विचारतोय. फोनच करणार होतो, पण आमच्या फोनची लाईन अजून चार घरांत सामाईक आहे आणि समोरची ओपल स्टकी रिसीव्हर उचलून श्वास रोखून बसते. तिला दमा आहे, त्यामुळे आपल्याला कळतं.

सगळं सांगितल्याशिवाय माझी मोठी बहीण उत्तर देणार नाही, तेव्हा सांगतो. मार्लाचा खेळ बघायला मोन्टानाच्या एका कॉलेजची बाई आली होती. चार वर्षं शिकणं, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडे, हिने फक्त त्यांच्यासाठी बास्केटबॉल खेळायचा. मार्ला जायला नको म्हणते. मी कारण विचारलं तर म्हणते, "तुझ्याकडे कोण बघणार?"

मी म्हटलं, माझ्याकडे बघण्यासारखं काय आहे?

"तेच तर. आई गेल्यापासून डबाबंद घेवडे थंडच खातोस. चर्चमध्ये एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून आलास. दोन वर्षांत माझ्याबरोबर एकदा तरी माळ्यावर खेळायला आलास का रे, डॅड?"

माळा म्हणजे आपला गवताचाच, कोठारावरचा. बाबांनी भिंतीला ठोकलेली बास्केटबॉलची रिंग अजून तिथेच आहे. हिवाळ्यात गाई गवत खाऊन संपवत आणतात, तशी तिच्यासमोरची लाकडी फरशी मोकळी होते आणि मार्ला तिथे खेळते. मला राग आला. मी म्हटलं, त्या रिंगला मी आजही हात लावू शकतो. ती हसली नाही. हसली असती तर विषय तिथेच मिटला असता. ती म्हणाली, "लाव ना मग. नवं गवत माळ्यावर चढायच्या आत रिंगला हात लावलास तर मी जाईन. नाही लागला तर मी इथेच, आणि परत हा विषय काढायचा नाही." आम्ही हात मिळवले. कॉलेजला उत्तर एक जूनपर्यंत द्यायचंय.

रिंग दहा फुटांवर आहे. मी उभा राहून हात वर केला की आठ फूट दोन इंच भरतात. मार्ला शाळेत गेल्यावर मी बोटांना खडू लावला, धावत आलो आणि उडी मारून भिंतीवर खूण उमटवली. साडेपंधरा इंच. उतरताना गुडघा काहीतरी म्हणाला, मी लक्ष दिलं नाही. चाळीस यार्ड पळूनही बघितलं. साडेसहा सेकंद लागले, पण मध्ये कुत्रा आला होता. वजन दोनशे अठ्ठावीस पौंड.

तिला जायला हवं, अर्दिस. नॉर्मा असती तर तिने स्वतः लेकीची बॅग भरली असती. पोरगी माझ्यापायी इथे अडकली तर मला ते जन्मभर सहन होणार नाही.

वेंडेल

*

न्यू मेक्सिको
२६ जानेवारी १९८१

प्रिय वेंडेल,

तू शेतकरी आहेस, म्हणून काय करायचं नाही ते आधी सांगते. जास्त करायचं नाही. तुम्हा लोकांना वाटतं, दमलो म्हणजे काम झालं. दमलेला पाय फक्त दमायला शिकतो.

आठवड्यातले तीन दिवस. मंगळवारी आणि शनिवारी धावायचं. तीस यार्ड, सहा वेळा, मागे मस्तवाल बैल लागल्यासारखं. प्रत्येक वेळेनंतर तीन मिनिटं नुसतं उभं राहायचं, घड्याळ लावून. गुरुवारी उड्या, एकूण वीस, त्याही मध्ये थांबून थांबून. त्यानंतर खांद्यावर गाईंच्या आंबोणाचं पोतं घेऊन बैठका, पाच-पाचच्या तीन फेऱ्या. बस्स. सहाव्या बैठकीची इच्छा झाली तर घरात जा आणि मला पत्र लिही.

पहिला महिनाभर फक्त उतरायला शिक. गवताच्या गठ्ठ्यावरून खाली उडी टाक आणि आवाज न करता उतर. माळ्यावरचं मांजर दचकलं तर तुझं चुकलं. ज्याला उतरता येत नाही त्याला वर जायचा हक्क नाही, हे मी एकोणतीस वर्षं सांगत आले आणि दर वर्षी एका तरी मुलीने घोटा मोडून घेतला.

धावत येऊन उडी मारताना शेवटून दुसरं पाऊल लांब टाक, अंग खाली जाऊ दे. शेवटचं पाऊल आखूड आणि झटक्यात. हात मागून वर फेक. तू लहानपणी हात खिशात घालून चालायचास, तेव्हाही मला बघवायचं नाही.

जेवणानंतरचा केक बंद. सगळे आकडे लिहून पाठव, खरे. खोटा आकडा मला वासावरून कळतो.

तुला जमेल का ते मला माहीत नाही. तिने तुला बघून हे ठरवलं असेल तर तिला वाटत असणार की जमणार नाही. एवढं लक्षात ठेव.

अर्दिस

*

पाईक फोर्क
१५ फेब्रुवारी

प्रिय अर्दिस,

तू सहा वेळा धाव म्हणालीस. मला ते लिहिण्यातली चूक वाटली, म्हणून मी तीस वेळा धावलो. दुसऱ्या दिवशी धार काढायला स्टुलावर बसलो तो उठताच येईना. मार्लाने काखेत हात घालून उठवलं. तिच्या चेहऱ्यावर सगळं होतं.

आता सहाच धावतो. धावण्याचं काही वाटत नाही, ते तीन मिनिटं उभं राहणं जड जातं. भर सकाळी, स्वतःच्या शेतात, हातात काही नसताना. पहिल्या दिवशी ओपलच्या नवऱ्याने, क्लीटने, पिकअप थांबवून विचारलं, ट्रॅक्टर बंद पडलाय का? मी नाही म्हटलं. शनिवारी परत थांबला. म्हणाला, "वेंडेल, बोलावंसं वाटलं तर मी आहे हं." त्याला वाटलं, मी नॉर्माची आठवण काढत उभा आहे. आता मी पक्कड बरोबर नेतो आणि त्या तीन मिनिटांत कुंपणाची तार ताणतो. रस्त्याच्या कडेचं आपलं कुंपण सध्या गावात सगळ्यात ताठ आहे.

मांजर पाच दिवस दचकलं. सहाव्या दिवशी त्याने एक डोळा उघडला आणि मिटला. ते मी यश धरतो.

उडी सतरा. चाळीस यार्ड सहा पूर्णांक दोन, कुत्रा बांधून. वजन दोनशे एकोणीस. केक बंद केला तेव्हा मार्लाने विचारलं, "तू खरंच करतोयस हे?" मी म्हटलं, हो.

वेंडेल

*

न्यू मेक्सिको
२४ फेब्रुवारी

वेंडेल,

पक्कड ठेव घरी. तीन मिनिटं म्हणजे विश्रांती, कुंपणाची दुरुस्ती नव्हे. लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. नॉर्माची आठवण काढायची असेल तर त्या तीन मिनिटांत तीही काढ.

आता गठ्ठ्यावरून उतरलास की पाय टेकताक्षणी परत वर उसळ. तवा तापलाय असं समज. दोन गठ्ठ्यांपेक्षा उंच नको. आठवड्यात दहा उड्या. अकरावी मारलीस तर मला इथून कळेल.

अर्दिस

*

पाईक फोर्क
२२ मार्च

प्रिय अर्दिस,

उडी साडेएकोणीस. चाळीस यार्ड पाच पूर्णांक नऊ. वजन दोनशे अकरा. माझी पँट आता पट्ट्याच्या भरवशावर आहे.

मार्ला गेल्या आठवड्यात वर आली. मला वाटलं नुसती बघेल. तिने माझी उडी बघितली आणि म्हणाली, "डॅड, शेवटी रिंगकडे बघतोस ना, म्हणून मान मागे जाते. रिंग कुठे पळून जात नाही." मग आम्ही अकरा गुणांचा खेळ खेळलो. अकरा-दोन हरलो. ते दोन तिने मला दिले असावेत. दुसऱ्या दिवशी परत खेळलो, मग रोजच. धारा आटोपल्या की वर जातो, अंधार पडायच्या आत खाली येतो, आणि मग जेवण गरम करून एका टेबलावर बसून जेवतो. ती शाळेतलं सांगते. मी गाईंचं सांगतो. परवा ती इतकी हसली की तिच्या नाकातून दूध आलं. कशावर हसली ते आता आठवत नाही.

दोन वर्षं आम्ही एका घरात असून फक्त मीठ दे, दार लाव एवढंच बोलत होतो, हे मला आत्ता कळतंय.

हवा उघडते आहे. लसूणघास बोटभर वर आलाय.

वेंडेल

*

न्यू मेक्सिको
३१ मार्च

वेंडेल,

उत्तम. आणखी अडीच इंच. आता बैठकांचं वजन वाढव, उड्या कमी कर, धावणं तेवढंच ठेव. ईस्टरच्या सुमारास रिंगला हात लागायला हवा. लागला की त्याच दिवशी मार्लाला बोलाव आणि तिच्यासमोर परत लाव. साक्षीदाराशिवाय मारलेली उडी मी कधीच वहीत लिहिली नाही.

अर्दिस

*

पाईक फोर्क
२६ एप्रिल

प्रिय अर्दिस,

ईस्टर चांगला गेला. मार्लाने हॅम केला होता.

उडी साडेएकोणीस. मागच्या महिन्याएवढीच. चाळीस यार्ड पाच पूर्णांक पाच. वजन दोनशे चार.

बहुतेक माझी मजल इथपर्यंतच. शेहेचाळीस म्हणजे शेवटी शेहेचाळीसच. मार्ला वाईट वाटून घेत नाही. तिने मला स्ट्यू शिकवला. मी गाजरं चिरतो, ती बाकीचं करते.

गाई ठीक आहेत.

वेंडेल

*

न्यू मेक्सिको
३ मे

वेंडेल,

तुझे आकडे मला पटत नाहीत. धावणं आणि उडी एका गाडीचे दोन घोडे असतात, एक पुढे गेला की दुसरा ओढला जातोच. तू महिन्याभरात पळण्यात जवळजवळ अर्धा सेकंद कमी केलास, सात पौंड उतरवलेस, आणि उडी केसभरही वाढली नाही? माझ्या हाताखालून सहाशे मुली गेल्या, एकीचंही असं झालं नाही.

मी दोन दिवस विचार केला आणि मला कारण सापडलंय. भुसा. एवढं गवत खाली टाकलं की फरशीवर भुशाचा थर साचतो, आणि तू त्या मऊ थरावरून उडी मारतोयस. सगळा जोर त्यात जिरतो. बाबा तिथे दर शनिवारी झाडू मारायचे. लाकूड दिसेपर्यंत झाडून काढ, रबरी तळाचे बूट घाल आणि परत मोज. बावीस इंच तुझ्या पायात आहेत, हे मी तुला लिहून देते.

अजून चार आठवडे आहेत. धीर सोडू नकोस.

अर्दिस

*

पाईक फोर्क
१२ मे

प्रिय अर्दिस,

माळा भरला. घास आठ तारखेला कापला, काल आणि आज मिळून सहाशे बारा गठ्ठे वर चढवले. रिंग गवताआड गेली. तेव्हा तो विषय संपला.

तू खूप मदत केलीस. आभारी आहे. गाई ठीक आहेत.

वेंडेल

*

न्यू मेक्सिको
१७ मे

वेंडेल,

मी वाळवंटात राहत असले तरी त्या कोठाराच्या सावलीत वाढले आहे. आठ मेला इंडियानात कुणी घास कापत नाही. कळी धरलेली नसते, जमीन ओली असते आणि उन्हात जोर नसतो. बाबांनी एकदा वीस मेला कापला होता, तर त्यांना पाच वर्षं चर्चमध्ये ऐकून घ्यावं लागलं. तू हे अज्ञानातून केलेलं नाहीस.

भुसा फरशीवर नव्हता, माझ्या डोक्यात होता. उडीचा आकडा तू खोटा लिहिलास, आणि पळण्याचा खोटा लिहायचं तुला सुचलं नाही. तुझा हात रिंगला लागलाय. कधी लागला?

मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण तेवढी नाही. जानेवारीत तू मला जे लिहिलंस ते खरं होतं, हे मला माहीत आहे. आणि मार्चमध्ये त्या नाकातून आलेल्या दुधाबद्दल जे लिहिलंस तेही खरं होतं. तुला ती जायला हवी आहे आणि तुला ती हवीही आहे. यात लाज कसली? पण तू गवताला पुढे केलंस, याची लाज वाटू दे.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. एकेचाळीस साली मी घर सोडलं तेव्हा अठरा वर्षांची होते. आई रस्त्यापर्यंत आली. बाबा कोठारातून बाहेरच आले नाहीत. मी दारात उभी राहून हाक मारली, "येते मी." आतून काही उत्तर आलं नाही. ते वारेपर्यंत मला वाटत होतं की त्यांनी मला माफ केलं नाही. अजून वाटतं. मार्लाला असं काही बरोबर घेऊन जायला लावू नकोस. आणि तसंच काही घेऊन घरात बसायलाही लावू नकोस.

अर्दिस

*

पाईक फोर्क
१९ मे १९८१

प्रिय अर्दिस आत्या,

हे पत्र डॅडला दाखवू नकोस.

अकरा एप्रिलला, शनिवारी, डॅड जेवायला आला तेव्हा त्याची चार बोटं नारिंगी होती. तो रिंगचा गंज आहे. मी शिडी लावून जाळी बदलते तेव्हा माझीही तशीच होतात. मी म्हटलं, हात धुऊन ये. तो धुऊन आला आणि बटाटे वाढून घेतले. मला वाटलं उद्या सांगेल. नाही सांगितलं. परवाही नाही.

आणि आत्या, मला बरं वाटलं. तेच वाईट आहे ना.

मी ती अट घातली कारण मला माहीत होतं, त्याला जमणार नाही. जानेवारीत तो जिना चढतानासुद्धा कठडा धरायचा. मला वाटलं होतं, जाण्याचा प्रश्न मिटेल आणि मला कुणाला सांगावं लागणार नाही की मला भीती वाटते. मोन्टानात मी कुणालाच ओळखत नाही. आई गेली तेव्हा मी शाळेच्या मॅचला दुसऱ्या गावी होते. मी घर सोडून गेले की काहीतरी होतं, असं मला वाटतं. हे मूर्खपणाचं आहे हे कळतं मला, कळून उपयोग होत नाही.

मग त्याने मे महिन्यात घास कापला. क्लीट स्टकी रस्त्यावरून जाताना थांबला, कुंपणाशी आला, आणि त्याने मयताला आल्यासारखी टोपी काढून हातात धरली.  गठ्ठे मी रचले. नीट रचले, रिंगच्याही वर दोन थर. म्हणजे मीही त्यात आहेच.

आता आम्ही दोघं एकमेकांशी फार चांगलं वागतो आणि ते असह्य झालंय. एक जूनला त्या बाईला नाही म्हणायचंय. मी काय करू?

मार्ला

*

न्यू मेक्सिको
२४ मे

वेंडेल आणि मार्ला,

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. टेबलावर बसून एकत्र वाचा.

तुम्ही दोघांनी मला काही सांगितलंय, एकाने लिहून, एकाने न लिहिता. एकाचं दुसऱ्याला मी सांगणार नाही, मला त्याचा कंटाळा आला आहे. तुमचं तुम्ही सांगा.

पण त्याआधी एक काम करा. उठा, लोखंडी पाईप घ्या आणि माळ्यावरच्या गवतात मध्यभागी खुपसा. अर्ध्या तासाने बाहेर काढून हाताने चाचपा. आठ मेचं ओलं गवत दोन आठवडे दाबून ठेवलंय, ते आतून तापत असणार. मी इतके दिवस तुमच्या मनांचा विचार करत बसले आणि गवताचा विसरले. कोठार जळालं तर तुम्हाला एकमेकांपासून लपवायला जागाच उरणार नाही.

पाईप हातात धरवला नाही तर सगळं बाहेर काढा. लगेच. पत्र नंतर लिहा.

अर्दिस

*

पाईक फोर्क
३१ मे १९८१

प्रिय अर्दिस,

तुझं पत्र परवा आलं. आम्ही दोघांनी एकत्र वाचलं. 'दोघांनी मला काही सांगितलंय' या ओळीवर मार्लाने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. मग पुढचं वाचलं आणि पाईप आणायला गेलो.

पाईप हातात धरवला नाही. आत हात घातला तर तंबाखूसारखा गोड वास येत होता. अग्निशमनवाल्यांना फोन केला, कारण असं गवत उकरताना हवा लागली की पेट घेतं. रात्री उकरू नका म्हणाले, आणि बंब घेऊन काल सकाळी धारा आटोपायच्या आत आले आणि पाण्याचा पाईप धरून उभे राहिले. मी आणि मार्ला गठ्ठे बाहेर फेकत होतो. क्लीट खाली ट्रॅक्टरने ते लांब ओढत होता. फोनवर ओपल होतीच, त्यामुळे त्याला वेगळं कळवावं लागलं नाही. मधले चाळीस-एक गठ्ठे आतून काळे पडले होते. आणखी चार दिवस गेले असते तर गाईंसकट सगळं गेलं असतं. सहाशे बारा गठ्ठे, दुपारी दोनपर्यंत. माझ्यामुळे चढले, माझ्यामुळे उतरले. क्लीटने काही विचारलं नाही. तो फार चांगला माणूस आहे.

सगळे गेले. आम्ही दोघं वर राहिलो. माळा रिकामा. मार्लाने झाडू घेतला आणि लाकूड दिसेपर्यंत फरशी झाडली. मग रिंगखाली उभी राहिली आणि म्हणाली, "डॅड, तू दमलायस. राहू दे."

तू म्हणाली होतीस, दमलेला पाय फक्त दमायला शिकतो. माझ्या पायात काहीच उरलं नव्हतं, अर्दिस.  या पायांनी हात लागला नाही तर जगातलं कुणीही मला बोल लावणार नाही, मार्ला तर नाहीच. चार पावलं धावायचं, साडेएकोणीस इंच मारायची, आणि ती इथे राहील. हे मी उभ्या उभ्या स्पष्ट बघितलं. ते मला फार हवं होतं.

मी तीन मिनिटं थांबलो. घड्याळ लावून. मग धावलो.

नुसता लागला नाही. चारही बोटं आत गेली आणि मी क्षणभर लटकलो. उतरताना फार मोठा आवाज झाला.

मार्ला फरशीवर बसली आणि रडायला लागली. "तुला जमणार नाही असं वाटलं होतं मला," म्हणाली. मी म्हटलं, जानेवारीत मलाही तेच वाटलं होतं. मग मी तिला अकरा एप्रिलचं सांगितलं आणि घास का कापला ते सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये." मग तिने तिचं सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. मुलीला भीती वाटते हे मला कळलंच नाही, कारण मी माझीच लपवत बसलो होतो. मी तिला म्हटलं, तू घरी असतीस तरी आई गेलीच असती. हे मी दोन वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. ती बराच वेळ माझ्या खांद्याला टेकून बसली. गाई खाली ओरडायला लागल्या तेव्हा उठलो.

संध्याकाळी तिने कॉलेजच्या त्या बाईला घरी फोन केला आणि येते म्हणाली. लाईनवर कुणीतरी दम्याने रडत होतं. मोन्टानाच्या बाईने विचारलं, "सगळं ठीक आहे ना तिकडे?" मार्ला म्हणाली, "हो, त्या आमच्या शेजारी आहेत."

आता बाबांचं. एकेचाळीस साली मी सहा वर्षांचा होतो आणि त्या दिवशी कोठारात त्यांच्या शेजारी उभा होतो. तुला हे माहीत असेल असंच मी धरून चाललो होतो. ते रागावलेले नव्हते. ते तपकिरी गाईखाली बसले होते. तिची धार काढून झाली होती, बादली बाजूला ठेवलेली होती, तरी ते आचळं ओढत राहिले, कोरडीच. तू हाक मारलीस तेव्हा त्यांनी कपाळ गाईच्या कुशीला लावलं. मी विचारलं, "बाबा, अर्दिस चालली, यायचं नाही का?" ते म्हणाले, "मी बाहेर गेलो तर ती जायची नाही." गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा उठले. मी लहान होतो, मला वाटलं मोठी माणसं असंच करतात.

एकोणीस ऑगस्टला निघतो. गाडीने तीन दिवस लागतात. मी तिला सोडून परत येईन. येताना गाडीत एकटा असेन आणि घरीही. तिला सांगितलंय की मला जमेल. तुला खरं सांगतो, मला भीती वाटते. तू मला सगळे व्यायाम लिहून पाठवलेस, मी सांगितले तसे केले, आणि ते लागू पडले. याच्यासाठी काही असेल तर तेही लिही. मी तीस वेळा करणार नाही.

वेंडेल

*

न्यू मेक्सिको
८ जून १९८१

प्रिय वेंडेल,

तुझं पत्र मी तीन दिवस घेऊन फिरते आहे. बाबांचा मजकूर मला अजून पूर्ण वाचता आलेला नाही. कपाळापर्यंत जाते आणि थांबते.

बावीस इंच वहीत लिहिले. साक्षीदार, मार्ला राडेमाकर.

एकटं राहण्याचा व्यायाम मला माहीत नाही. चाळीस वर्षं करते आहे आणि प्रगती काही नाही. मला वाटायचं, मी त्यात चांगली आहे. ते खोटं होतं, आणि हाही आकडा मी कुणाला दाखवला नव्हता.

इथलं घर मी सोडते आहे. तू मोन्टानाहून परत येशील त्या दिवशी मी घरी असेन. किती दिवस राहणार ते विचारू नकोस. मला धार काढता येत नाही, गुडघे वाकत नाहीत. स्वयंपाक तर तुला माहीतच आहे. गाजरं तू चिर.

अर्दिस